बाबांच्या नक्षत्राचं झाड

माझा भाऊ पुण्यात राहतो आणि तिथून आमचं घर चालवतो. म्हणजे काय करायचं ते तो ठरवतो आणि करायचं मी. गॅसच्या नंबरापासून आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरपर्यंत सगळं असंच चालतं. तो वाईट नाही. रोज फोन करतो, आईच्या औषधांची नावं त्याला माझ्याहून जास्त पाठ आहेत. पण "ताई, तू फक्त एवढं कर" अशी सुरुवात झाली की माझं डोकं उठतं, कारण त्या 'फक्त'मध्ये माझी एक रजा जाते. मी चिखलीला शाळेत शिकवते आणि माझ्या निम्म्या रजा त्याच्या 'फक्त'मध्ये गेल्या आहेत.

बागेचंही तसंच झालं.

बाबा गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आमच्या भागात आताशा पुष्कळ लोक रक्षा नदीत सोडत नाहीत. नदीला पाणी असतं कुठे? शेतातच खड्डा करतात, त्यात रक्षा टाकतात आणि वर झाड लावतात. बाबांची रक्षा आम्ही उंद्रीच्या शेतात, रस्त्याच्या अंगाला जो धुरा आहे, म्हणजे बांध, त्यावर खड्डा करून टाकली आणि वर आंब्याचं कलम लावलं. आई गावातच राहते, शेत घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज संध्याकाळी ती तांब्याभर पाणी घेऊन जायची, कलमाला घालायची आणि थोडा वेळ तिथेच बसून यायची. बाबांशी बोलत असणार. जिवंतपणी तिला फारसं बोलू देत नव्हते ते.

मग रस्ता रुंद झाला. आमच्या शेताचा एक पट्टा त्यात गेला आणि त्या पट्ट्यात धुरा गेला. कलम काढून दुसरीकडे लावायचं म्हणून मी एका माणसाला सांगून ठेवलं होतं. तो यायच्या आत यंत्र आलं. आंब्याचं कलम गेलं, म्हातारी बाभूळ गेली, आईने जन्मभर कुणाला उपटू दिलं नाही ते रुईचं झुडूपही गेलं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहिलं तर तिथे मुरूम पसरलेला होता आणि त्यावर रोलर उभा होता. कुणावर ओरडावं तेही कळेना, कारण रोलरवर कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून आईचा एकच प्रश्न. फोनवर, समोर, जेवताना, कधीही.

"पानी कुठी घालू वो?"

मी म्हणायची, तुळशीत घाल. ती म्हणायची, "तुळशीत देवाचं घालते. तुह्या बाबाचं कुठी घालू?"

दुसरं झाड लावू म्हटलं तर ती म्हणे, रक्षा कुठून आणशीन? तेही खरंच होतं. सगळी रक्षा त्या एका खड्ड्यात गेली होती. शेजारच्या चुलतभावाने मला हळूच सांगितलं की काकू संध्याकाळी तांब्या भरून घेते, दारापर्यंत जाते, उभी राहते आणि तांब्या तसाच आत नेऊन ठेवते. आईचं वय झालं आहे, गुडघे गेले आहेत. तिचं आता एवढंच एक मागणं उरलं होतं आणि तेवढंही आम्हाला जमेना.

भावाला मी हे सांगितलं, ही माझी चूक. दोन दिवसांत त्याचा फोन आला.

"ताई, सोपं आहे. बुलढाण्याच्या त्या जुन्या बागेत आता नक्षत्रवन केलंय. प्रत्येक नक्षत्राचं एक झाड असतं. बाबांचं नक्षत्र मी काढलं, श्रवण. तू फक्त आईला तिथे घेऊन जा. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पाणी घालू दे. मी व्हिडिओ कॉलवर आहेच."

ही बाग आमच्या घरात कानावरून गेलेली होती. इंग्रजांच्या वेळची. कुण्या साहेबाला घाटावरच्या हवेत विलायतेतले गुलाब लावायची हौस आली, त्यातून ती झाली म्हणतात. बाबा बुलढाण्याच्या बाजाराला वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन जायचे आणि माल विकला की परतीच्या गाडीपर्यंत त्या बागेतल्या दगडी बाकावर आडवे व्हायचे. आईने ती बाग कधी पाहिली नव्हती. बाजाराला बाबा एकटेच जायचे. तेव्हा भावाची कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती, आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

मी त्याला विचारलं, नक्षत्र काढलं कशावरून? म्हणाला, आधारकार्डावरच्या तारखेवरून, मोबाईलवर ॲप आहे. आधारकार्डावर बाबांचा जन्म एक जूनचा. आता आमच्या गावात बाबांच्या वयाच्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराची उंची पाहिली, दात पाहिले आणि एक जून लिहून टाकलं. आजी सांगायची की बाबा झाले तेव्हा घरात तुरीच्या शेंगा उकडत होत्या. तुरीच्या शेंगा काय जूनमध्ये येतात? हे सगळं मी भावाला ऐकवणार होते, पण त्याची मीटिंग सुरू झाली.

झाड कोणतं, तेही त्याने पाहिलं नव्हतं. तिथे पाटी असेल, म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी उंद्रीला जाऊन मी आईला चिखलीला आणलं आणि सकाळी आम्ही एसटी धरली. आईने पिशवीत तांब्या घेतला होता, हळदीकुंकू, उदबत्ती, नारळ, आणि घरच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत. बुलढाण्यात काय पाणी नाही का, असं मी म्हटलं. ती म्हणाली, त्याइले दुसरं पानी चालत नव्हतं. हे मात्र खरं होतं. बाबा लग्नाकार्यालाही घरचं पाणी घेऊन जायचे आणि आम्हाला लाज आणायचे.

गाडीत तिचं सारखं चाललं होतं, कोणतं झाड असेल.

"वड अशीन," ती म्हणाली. "त्याइचा बांधाच तसा होता."

बाबा शेवग्याच्या शेंगेसारखे होते.

"नाहीतर आंबा अशीन. आंब्यावर जीव होता त्याइचा."

हे बोलताना ती पहिल्यांदाच जरा खुलली होती. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर काहीतरी वाट पाहिल्यासारखं दिसत होतं. मी मनात म्हटलं, देवा, वड निघू दे, आंबा निघू दे, निदान उंबर तरी.

बागेच्या फाटकाशी पोचलो तर फाटक बंद. सकाळची वेळ संपली, आता दुपारी तीनला. भावाने वेळ पाहिली होती की नाही, हे विचारायला फोन केला तर तो उचलेना. समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने आईला बसायला स्टूल दिलं. आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. फाल्गुनातलं ऊन म्हणजे आमच्याकडे निम्मा उन्हाळाच. आई गुडघा चोळत बसली आणि मी फाटकावरच्या पाटीकडे पाहत बसले. 'निसर्गाच्या सान्निध्यात आपले हार्दिक स्वागत', आणि त्याच्याखाली कुलूप.

तीनला कुलूप निघालं. तिकिटं काढली. आत एक खाकी साडीतली रखवालदारीण होती, गळ्यात शिट्टी. तिने पिशवी उघडून पाहिली आणि नारळ, हळदीकुंकू, उदबत्ती काढून टेबलाच्या खणात ठेवली. जाताना घेऊन जा म्हणाली. मी कारण विचारलं. ती म्हणाली की लोकांनी झाडांना दोरे गुंडाळून, कुंकू फासून, बुंध्याशी तेल ओतून पार वाट लावली होती, म्हणून पूजा बंद. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी स्वतः शाळेत पोरांना हेच शिकवते. तरी मला तिचा इतका राग आला की मी विचारलं, मग नक्षत्रवन केलंच कशाला? लोकांना नक्षत्र सांगायचं, देवाचं झाड म्हणायचं आणि हात जोडले की शिट्टी मारायची? ती म्हणाली, मॅडम, मी केलं नाही.

या भांडणात आईने तांब्या पदराखाली घेतलेला मला दिसला. पाण्याच्या बाटलीला मनाई नव्हती.

आत बाबांची बाग शोधायची म्हणजे अवघड काम होतं. दगडी पाट अजून होते, पण कोरडे, त्यांत पांढरे गोटे रचलेले. लोखंडी कमानींचं नेच्यांचं जुनं घर होतं, त्याला कुलूप. बाकी सगळीकडे वाटिका. गुलाबवाटिका, निवडुंगवाटिका, आरोग्यवाटिका, फुलपाखरू वाटिका. तिच्यात सिमेंटचं फुलपाखरू होतं. ठिकठिकाणी पेंग्विन उभे, तोंड उघडं, पोटावर 'कचरा मला द्या'. आईने पहिल्या पेंग्विनाला जरा वळसा घातला. एका दगडाआडून भोंग्यातून बाई बोलत होती, वृक्ष आपले मित्र आहेत. बोलणं संपलं की तेच पुन्हा पहिल्यापासून. ज्या दगडी बाकावर बाबा झोपत असतील असं वाटलं, त्याच्यामागे लाल बदामाची चौकट उभी केली होती आणि बाकावर पाटी होती, कृपया झोपू नये.

आईने ती पाटी मला वाचायला लावली. मी वाचली. ती म्हणाली, "बरं झालं, गेले ते."

गुलाब मात्र होते, हे कबूल केलं पाहिजे. चढत्या ओट्यांवर, एकेका रंगाची रांग. आईने वास घ्यायला मान खाली केली, लांबून शिट्टी वाजली, तिने मान वर केली. आरोग्यवाटिकेत ती थबकली. आघाडा, माका, पुनर्नवा, सगळे आळ्यांत बसवलेले, ठिबकची नळी प्रत्येकाच्या बुडाशी.

"हे तं तण हाय," ती म्हणाली. "जन्म गेला माहा हे निंदण्यात. इथी पानी देऊन राह्यले?"

मी म्हटलं, औषधी आहेत. ती म्हणाली, आहेत ना, पण निंदायचे तर लागतातच. आम्ही दोघी त्या दिवसात तेवढंच एकदा हसलो.

नक्षत्रवन अगदी शेवटाला, चढावर. तिथे पोचेपर्यंत आई दोनदा बसली. गोल आखलेलं होतं, कडेने झाडं, प्रत्येकापुढे काळ्या दगडाची पाटी. आणि वाटेत एक जोडपं. लग्नाआधीचे फोटो काढत होते. मुलीचा झगा इतका लांब की अख्खी वाट त्याच्याखाली. फोटोवाला म्हणाला, काकू, दहाच मिनिटं. मी म्हटलं, आम्ही सकाळपासून निघालोय, आई उभी राहू शकत नाही, तुमची दहा मिनिटं तुमच्याजवळ ठेवा. माझा आवाज चढला होता. त्या मुलीने बिचारीने आपणच झगा गोळा केला. आईने मला दटावलं, "काऊन खेकसतं तिच्यावर? लगन हाय तिचं." आणि जाता जाता तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. या खेपेला त्याने उचलला. मोबाईल हातात धरून आम्ही गोल फिरू लागलो. श्रवण कुठे आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे अश्विनीपासून सुरुवात. आई प्रत्येक झाडाशी थांबायची.

"हे का?"

"नाही आई, हे कृत्तिका." तो उंबर होता. मघा नक्षत्राचा वड आला, पारंबी जेमतेम धरू लागलेला, तेव्हा ती पुढेच झाली. नाही म्हटलं. पळस फुलला होता, तो नाही. बेल नाही. अर्जुन नाही. फणस आला, पुढचंच श्रवण असणार हे मला पाठ असलेल्या क्रमावरून कळलं आणि मी पुढे पाहिलं तर पुढे झाडच नव्हतं. मोठी जागा, छान गोल आळं, विटांची कड, काळी पाटी, आणि मध्ये कमरेएवढं एक रुईचं झुडूप. जाड राखी पानं, जांभळट फुलांचे झुबके. उकिरड्यावर असतं तेच.

पाटीवर लिहिलं होतं, श्रवण नक्षत्र, आराध्य वृक्ष रुई.

"ताई, कॅमेरा झाडावर धर ना," भाऊ म्हणाला.

"धरलाय."

"झाड कुठंय?"

"हेच झाड आहे."

तो म्हणाला, काहीतरी गडबड असेल, पाटी बदलली असेल. आता मात्र माझा तोल सुटला. मी त्याला म्हटलं की गडबड तुझ्या ॲपमध्ये आहे, तुझ्या एक जूनमध्ये आहे. म्हातारीला उन्हातान्हात दोन गाड्या बदलून आणली, तीन वाजेपर्यंत टपरीवर बसवली, शिट्ट्या ऐकवल्या, आणि शेवटी रुई दाखवली. आमच्या घरामागे रुया कमी होत्या का? तो म्हणाला, ताई, शांत हो, बाबांची खरी तारीख काय असेल सांग, मी पुन्हा काढतो, दुसरं झाड निघेल. तुरीच्या शेंगांवरून काढ, मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचंच.

या सगळ्यात आईकडे माझं लक्ष नव्हतं. पाहिलं तर ती आळ्याच्या विटांवर बसली होती आणि त्या झुडपाकडे टक लावून पाहत होती. मी म्हटलं, आई, चल, चूक झाली. ती माझ्याशी बोललीच नाही. झुडपाशी बोलली.

"इथीबी आली का तू?"

मला वाटलं, ऊन लागलं. मी बाटली पुढे केली.

"तुह्या बाबाच्या दोन बायका गेल्या होत्या," ती म्हणाली. "तुले माहीत हाय."

मला माहीत होतं. आईच्या गळ्यात काळ्या मण्यांमध्ये त्या दोघींच्या नावाचे दोन चांदीचे टाक असायचे, चपट्या बाहुल्या. लहानपणी आम्हाला त्या देवी वाटायच्या. बाबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, दुसरी तापाने. मग आई. हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं, आणि आमच्या घरात त्यावर बोलायची पद्धत नव्हती.

पण त्या दिवशी आईने जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. दोन गेल्या म्हणजे तिसरीही जाते, असं लोक म्हणत. पोरगी द्यायला कुणी तयार होईना. आईचे वडील तयार झाले, कारण त्यांना चार मुली होत्या. तेव्हा जाणत्यांनी तोड काढली. लग्नाच्या दिवशी सकाळी बाबांना धुऱ्यावर नेलं. तिथे एक रुई होती. तिला हळद लावली, खणाचा तुकडा नेसवला, काळे मणी बांधले, मध्ये अंतरपाट धरला आणि अक्षता टाकल्या. रुईशी बाबांचं तिसरं लग्न लागलं. मग ती रुई तिथल्या तिथे उपटून टाकली. तिसरी बायको मेली. दुपारी आईशी जे लग्न लागलं ते चौथं.

"मले रात्री बायाइनं सांगतलं," ती म्हणाली. "तुह्यावरचं सारं तिच्यावर काढलं म्हने. आता तू सुखानं ऱ्हाय."

माझ्या अंगाची आग झाली. नाकासमोर चालणाऱ्या, अजून वेणीत रिबीन बांधणाऱ्या पोरीला पहिल्या रात्री हे सांगायचं? आणि बाबा, ते कसे उभे राहिले झुडपासमोर मुंडावळ्या बांधून? असल्या अडाणीपणाबद्दल वर्गात मी तासभर बोलू शकते. मी तोंड उघडलं, आणि मग मला आमच्या धुऱ्यावरची रुई आठवली.

आई निंदायला बसली की वाफ्यात हिरवी काडी शिल्लक ठेवत नसे. पण ती रुई कधी तिने काढली नाही, कुणाला काढू दिली नाही. तिच्या टपोऱ्या कळ्या बोटांनी दाबल्या की फट् वाजतात. आम्ही भावंडं एकदा बसून झुडूपभर कळ्या फोडल्या, तर आईने मला पाठीत असा धपाटा घातला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. कळ्यांपायी कुणी मारतं का, असं मला वाटलं होतं. उपटली तरी रुईची मुळी जमिनीत राहतेच. ती पुन्हा फुटली असणार, आणि आईने पाहिलं असणार. आणि यंत्र येऊन गेल्यावर आम्ही सगळे आंब्यासाठी हळहळलो होतो.

आईने पदराखालून तांब्या काढला. बाटली उघडली, घरच्या विहिरीचं पाणी तांब्यात ओतलं. फोनमधून भावाचा आवाज आला, जरा चाचरत.

"आई, थांब. मी खरी तारीख शोधतो. बाबांचं झाड वेगळं असेल."

"राहू दे रे बापू," आई म्हणाली. "त्याइले पानी घालाले तुम्ही दोघं आहा. इले कोन हाय?"

मोबाईल कुठे धरावा तेच मला कळेना, मी तो खाली केला. त्याला बहुतेक नुसती माती दिसत असेल.

आईने गुडघ्यावर हात देऊन वाकून, सावकाश, बुंध्याशी पाणी सोडायला सुरुवात केली. लांबून शिट्टी वाजली. आई थांबली नाही. पुन्हा वाजली, मग रखवालदारीण स्वतःच चढ चढून धापा टाकत आली. मी भांडणाच्या तयारीने मध्ये उभी राहिले. दिवसभराचा सगळा राग माझ्या जिभेवर तयार होता.

"आजी, पूजा नका करू म्हनून सांगतलं होतं ना," ती म्हणाली.

"पूजा नाही वो बाई," आई म्हणाली. "पानी घालून राह्यली. घरची हाय हे."

रखवालदारीण आईकडे पाहत राहिली, मग रुईकडे. तिच्याकडे अशी माणसं येत असावीत. तिने शिट्टी हातातून सोडली आणि आवाज उतरवून विचारलं, "कोन गेली आजी? धाकटी लेक का?"

"नाही वो," आई तांब्या पालथा करत म्हणाली. "हे थोरली. धाकटी मी."